वेणा सुरू होण्यापूर्वींची तयारी
(गर्भवती मातांच्या रक्षणाविषयीं एक पाठ)

ज्या घरीं बाळ यावयाचें असतें त्या घरीं जुन्या लुगड्यांच्या मऊ घड्या, सुंठ-गूळ व बाज ह्यांची तयारी कित्येक दिवस आधीं सुरू होते. परंतु मातेचा जीव धोक्यांत आल्यास तिला कोणीं, कोठें व कशानें न्यावें, ह्याचा विचार बहुधा वेणा सुरू झाल्यावरच होतो. आणि त्या वेळीं विचार करण्यास सवड नसते. ह्या पाठांत आम्ही एवढेंच दाखवूं इच्छितों कीं, बाळंतपणांतील पुष्कळ मरणें उपाय नसल्यामुळें नव्हे, तर उपायापर्यंत पोहोंचण्यास उशीर झाल्यामुळें ओढवतात. आणि त्या उशिराचा पहिला भाग आपल्या घरांतच घडत असतो.

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन ह्या दोन अभ्यासक स्त्रियांनीं १९९४ सालीं ह्या उशिराचे तीन प्रकार सांगितले. पहिला, मदत घेण्याचें ठरविण्यास होणारा उशीर; दुसरा, दवाखान्यापर्यंत पोहोंचण्यास होणारा उशीर; आणि तिसरा, तेथें पोहोंचल्यावर योग्य उपचार मिळण्यास होणारा उशीर. हे तीन प्रकार आपण साक्री तालुक्यास लावून पाहूं.

पहिला उशीर असा होतो. सून कण्हत असते, सासू म्हणते, "आमच्या वेळीं असेंच होई". नवरा शेतावर किंवा बाजारीं गेलेला असतो, आणि त्याच्या शब्दावांचून कोणी पाऊल उचलीत नाहीं. फार रक्त गेलें तर "घाण निघून जात आहे, बरेंच झालें," असें समजतात. झटके आले तर बाहेरची बाधा म्हणून भगतास बोलावितात. ह्यांपैकीं कोणाचेंही मन वाईट नसतें. परंतु प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव थांबविला नाहीं तर सुमारें दोन तासांतही मृत्यु येऊं शकतो. म्हणून घरांत चाललेला अर्ध्या तासाचा वादही थोडा समजूं नये.

दुसरा उशीर वाटेचा. साक्री गांव सुरत-धुळें हमरस्त्यावर आहे. परंतु तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ असून पिंपळनेराच्या बाजूस व कोंडाईबारी घाटाच्या अंगास पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यांत नाला भरला म्हणजे हमरस्त्यापर्यंत येणें हेंच मोठें काम होऊन बसतें. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ सालापासून मिळते, व मातांसाठीं १०२ क्रमांकही आहे. परंतु गाडी कोणत्या वळणापर्यंत येऊं शकते, आणि तेथपर्यंत मातेला झोळीनें कीं बैलगाडीनें आणावें, हें पाड्यावरच्या लोकांनींच आधीं ठरविलें पाहिजे.

तिसरा उशीर दवाखान्याचा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत सरळ बाळंतपण होतें. परंतु पोट उघडून बाळ काढण्याची शस्त्रक्रिया किंवा रक्त देणें हें प्रत्येक ठिकाणीं होत नाहीं. तशी गरज पडल्यास धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे जावें लागतें, आणि साक्रीहून धुळें सुमारें ५० किलोमीटर दूर आहे. "येथें शस्त्रक्रिया होते काय? रक्त मिळतें काय? नसल्यास आम्हांस कोठें पाठवाल?" हे प्रश्न परिचारिकेस सातव्या महिन्यांतच विचारून ठेवावे.

आतां धोक्याचीं लक्षणें ध्यानांत घ्या, व जे वाचूं शकत नाहींत त्यांना तीं मोठ्यानें वाचून दाखवा. गरोदरपणीं कोणत्याही वेळीं रक्त जाणें, तोंड व हात सुजणें, फार डोकें दुखणें व डोळ्यांपुढें अंधारी येणें, झटके, ताप, वेणांपूर्वींच पाणी जाणें, पोटांतील बाळाची हालचाल कमी होणें, वेणा बारा तासांहून अधिक लांबणें, बाळ झाल्यावर अर्ध्या तासांत वार न पडणें, आणि नंतर कपड्यांमागून कपडे भिजतील इतकें रक्त जाणें. ह्यांतील एकही लक्षण दिसलें तर वाट पाहूं नये. बाळंतपण घरीं झालें असलें तरीही तत्काळ निघावें.

कांहीं धोके मात्र आधींच ओळखतां येतात. म्हणून गरोदरपणीं निदान चार वेळां तपासणी व्हावी, व पहिली तपासणी तिसरा महिना संपण्यापूर्वीं व्हावी. २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची विशेष तपासणी विनामूल्य होते. तेथें रक्तदाब पाहतात व रक्तांतील लोहद्रव्याचें मान मोजतात. तें ११ हून कमी असल्यास पंडुरोग समजावा; ७ हून कमी असल्यास जिवास मोठा धोका आहे, कारण अशा मातेस थोडा रक्तस्रावही सोसत नाहीं. लोहाच्या १८० गोळ्या ह्याचसाठीं देतात. त्या कणगीच्या फटींत ठेवून देण्यासाठीं नव्हेत. भिल्ल, पावरा, मावची इत्यादि समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्याची तपासणी अवश्य करावी, व तो असल्यास लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्याव्या.

पैशाच्या भीतीनेंही पुष्कळ घरें मागें राहतात. २०११ सालच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणें सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधें, रक्त, आहार आणि जाण्यायेण्याची गाडी हें सर्व विनामूल्य मिळावयाचें आहे. ही कोणाची मेहेरबानी नसून मातेचा हक्क आहे. ज्यास हें ठाऊक असतें तो सावकाराच्या दारीं रात्र घालवीत नाहीं.

आपल्या तालुक्यांत आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजराथेंत व इतरत्र जातात, आणि पोटुशी स्त्रीही बरोबर जाते. गांवच्या आशाताईच्या वहींत तिचें नांव राहतें, पण ती स्वतः फडावरच्या खोपटांत असते. तेथें तिला ओळखणारें कोणी नसतें. म्हणून निघण्यापूर्वीं आशाताईस सांगून जावें, माता-बाल संरक्षण कार्ड भाकरीच्या गांठोड्याबरोबर न्यावें, व पोहोंचल्यावर जवळचा दवाखाना कोठें आहे तें मुकादमास पहिल्याच दिवशीं विचारावें. शक्य असेल तर आठव्या महिन्यानंतर तिला गांवीं ठेवावें, व तिच्याजवळ कोणी वडीलधारी बाई राहावी.

कोणी म्हणेल, "हें शिकलेल्या लोकांचें काम, आम्हां अडाण्यांस कसें साधावें?" त्यास जामखेडचें उदाहरण पुरे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील त्या दुष्काळी तालुक्यांत काम आरंभिलें. त्यांनीं गांवोगांवच्या स्त्रियांस, ज्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, गरोदर बायकांची पाहणी करण्यास, धोका ओळखण्यास व वेळीं पाठविण्यास शिकविलें. आणि त्या शिकल्या. दवाखाना दूर असला तरी त्याची वाट ठाऊक असलेली बाई शेजारीं होती. आमच्या गांवच्या सुईणींनीं हेंच करावें असें आम्हांस वाटतें. त्यांच्या हातास वर्षांची ओळख आहे, व बाळंतिणीचा त्यांच्यावर विश्वास आहे. सुईण जर "चला, आतां निघूं या," असें म्हणून गाडींत बरोबर बसली, तर सासूचाही विरोध राहत नाहीं.

२०१८ ते २०२० ह्या काळांत दर एक लाख जिवंत जन्मांमागें भारतांत ९७ व महाराष्ट्रांत ३३ माता दगावल्या, असें सरकारी पाहणींत आढळलें. पूर्वींच्या मानानें ही मोठी सुधारणा आहे. तथापि अशी सरासरी डोंगरावरच्या पाड्याची स्थिति सांगत नाहीं. आणि ज्या घरचीं लेंकरें पोरकीं झालीं, त्यांचें दुःख सरासरीनें हलकें होत नाहीं.

म्हणून उपदेशकांस आमची विनंति आहे कीं, येत्या आठवड्यांत स्त्रीपुरुषांस एकत्र बसवून, केवळ बायकांचा विषय असें न मानतां, पुढील प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक गर्भवतीच्या घराकडून घ्यावीं:

१. धोका दिसल्यास कोणत्या दवाखान्यांत न्यावयाचें?
२. नवरा घरीं नसल्यास "चला" म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?
३. गाडी कोठपर्यंत येईल, व तेथपर्यंत मातेस कोण उचलून नेईल?
४. बरोबर कोण जाईल, व मागें राहिलेल्या मुलांस कोण जेवूं घालील?
५. रक्त लागल्यास कोण दोघे देण्यास तयार आहेत?

ह्यांत दुसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. त्याचें उत्तर नवऱ्यानें सासूच्या देखत, स्वतःच्या तोंडानें द्यावें. तेवढें झालें तरी घरांतला तो पहिला उशीर पुष्कळ कमी होईल.