हेल्मेटची सक्ती आणि स्वाराचा निवडीचा हक्क

‘डोके माझे, जीव माझा, मग त्यावर हेल्मेट घालावे की नाही, हे सरकारने का ठरवावे?’ दुचाकीस्वारांकडून हा प्रश्न आपल्या देशात अनेक दशके विचारला जात आहे. पुण्यात तर ‘हेल्मेटसक्ती’ या एका शब्दाभोवती मोर्चे निघाले, कृती समित्या उभ्या राहिल्या आणि वृत्तपत्रांचे रकाने भरले. चेन्नई, बंगळूर, हैदराबाद येथेही थोड्याफार फरकाने हेच घडले. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. आपल्या देहाविषयीचा निर्णय आपण घ्यावा, ही प्रौढ नागरिकाची अपेक्षा रास्त आहे आणि आरोग्यसेवेनेही ती अनेक ठिकाणी मान्य केली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आपली लेखी संमती घेतली जाते ती याच तत्त्वावर. म्हणून दंडाची पावती हे या प्रश्नाचे पुरेसे उत्तर नव्हे. त्याचा नीट विचार करावयाचा, तर आधी डोक्याला मार बसतो तेव्हा नेमके काय घडते ते पाहावे लागेल.

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १.३ ते १.४ किलोग्रॅम वजनाचा असतो आणि घट्ट दह्याइतका मऊ असतो. कवटीच्या आत तो द्रवात तरंगत असतो. डोके जमिनीवर आदळले की कवटी क्षणात थांबते, परंतु मेंदू आपल्या वेगाने पुढे जाऊन आतील हाडावर आपटतो, मग उलट दिशेने फेकला जातो. या ओढाताणीत सूक्ष्म मज्जातंतू ताणले जातात, तुटतात. कवटी आणि मेंदू यांमधील रक्तवाहिन्या फुटून रक्त साचू लागते. कवटी ही बंद पेटी आहे. आत साचलेल्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसल्याने त्याचा दाब मेंदूवरच येतो. त्वचेवरील जखम भरून येते, मोडलेले हाड जुळते. मृत झालेल्या मेंदूपेशी मात्र पुन्हा तयार होत नाहीत.

हेल्मेट या घटनेत एकच साधी गोष्ट करते: ते डोक्याला थांबण्यासाठी थोडे अंतर मिळवून देते. बाहेरचे कठीण कवच आघात एका बिंदूवर न ठेवता पसरवते आणि आतील थर्मोकोलसारखा दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर चेपला जातो. उघडे डोके डांबरावर आदळते तेव्हा ते काही मिलिमीटरांत थांबते. थांबण्याचे अंतर जितके वाढते, तितके मेंदूवरील बल कमी होते. चेपलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून एकदा जोराचा आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलणे आवश्यक असते.

‘शहरातल्या शहरात ताशी तीस किलोमीटरच्या वेगाला हेल्मेट कशाला?’ हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकू येते. येथे गणित उपयोगी पडते. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर असते. गाडी जागच्या जागी उभी असताना तो नुसता कलंडला, तरी डोके जमिनीला टेकेपर्यंत त्याचा वेग ताशी सुमारे १९ ते २० किलोमीटर झालेला असतो. हा वेग उंचीने दिलेला आहे, इंजिनाने नव्हे. वाळूवरून चाक घसरणे, अचानक कुत्रे आडवे येणे, खड्डा चुकवताना तोल जाणे अशा किरकोळ वाटणाऱ्या पडण्यातही म्हणूनच डोक्याला गंभीर इजा होऊ शकते. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणण्याचे अंतर त्याला अपवाद नाही.

या विषयातील वैद्यकीय पुराव्याचा इतिहास जुना आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून सहा दिवसांनी मृत्यू पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे महायुद्धाच्या काळात सैन्यातील निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येने दगावू लागले, तेव्हा केर्न्स यांनी त्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट बंधनकारक केले. ब्रिटनमधील सर्वसामान्य नागरिकांना मात्र ते बंधनकारक होण्यास १९७३ साल उजाडले. पुरावा आणि कायदा यांच्यात बत्तीस वर्षांचे अंतर पडले, यावरून निवडीच्या हक्काचा प्रश्न तेथेही किती अवघड होता याची कल्पना यावी. २००८ मध्ये जगभरातील ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. शंभर टक्के संरक्षण कोणतेही हेल्मेट देत नाही. तसे सांगणारा विक्रेता दिशाभूल करीत असतो.

आता आपल्या देशाकडे पाहू. २०२२ या वर्षात भारतातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न घातलेल्या मृतांची नोंद ५०,०२९ इतकी आहे. हे सर्व जण हेल्मेटने वाचले असते असे म्हणता येणार नाही. काहींच्या छातीला वा पोटाला प्राणघातक इजा झालेली असणार. परंतु या संख्येच्या आतील एक आकडा निवडीच्या हक्कासंबंधी बरेच सांगून जातो. या ५०,०२९ पैकी १४,३३७ व्यक्ती गाडी चालवत नव्हत्या. त्या मागे बसल्या होत्या.

निवड कोणाची?

‘माझे डोके, माझा निर्णय’ हे वाक्य गाडी चालवणाऱ्याच्या तोंडी शोभते. मागे बसणाऱ्याने निर्णय कधी घेतला? बहुतेक घरांत हेल्मेट एकच असते आणि ते चालकाचे असते. कारण चौकात पोलीस त्यालाच आधी अडवतात. त्याची पत्नी, आई किंवा मुलगी साडीचा पदर आणि हातातली पिशवी सांभाळत, बहुधा एका बाजूला पाय सोडून, उघड्या डोक्याने मागे बसते. अशा रीतीने बसलेल्या व्यक्तीला पकडण्यास हँडल नसते आणि समोरचा खड्डाही दिसत नाही. तिला हेल्मेट नको असते असे नाही. अनेकदा तिला ते कोणी विचारलेलेच नसते. दुसरे हेल्मेट विकत घ्यावयाचे की नाही हे घरातील जमाखर्चात ठरते आणि तेथे सर्वांचा शब्द सारख्या वजनाचा नसतो. टाकीवर किंवा दोघांच्या मध्ये बसवलेल्या बालकाची तर गोष्टच निराळी. त्याच्या वतीने प्रत्येक निवड मोठी माणसेच करीत असतात.

दुसरा मुद्दा निर्णयाच्या परिणामांचा आहे. मृत्यूची भीती सर्वांना कळते. परंतु डोक्याच्या दुखापतीतून वाचलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य अपघात विभागाच्या दारातून दिसत नाही. ते वॉर्डात आणि नंतर घरी दिसते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नळीवाटे अन्न द्यावे लागते, मूत्रनलिकेची काळजी घ्यावी लागते. बोलणे परत आले तरी स्वभाव बदललेला असतो. शांत माणूस चिडखोर होतो, हिशेब ठेवणाऱ्याला दोन आकडी बेरीज जमत नाही, फिट्सचे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. ही शुश्रूषा कोण करते? आपल्याकडे बहुतांशी घरातील स्त्री, नोकरी किंवा शिक्षण सोडून. रस्ते अपघातग्रस्तांसाठी शासनाच्या २०२५ च्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे, ती मोलाची आहे. पण मेंदूच्या दुखापतीचे खरे दिवस आठव्या दिवसापासून मोजावे लागतात. ज्या निर्णयाचा भार दुसऱ्याला उचलावा लागतो, तो निर्णय पूर्णपणे खासगी राहत नाही.

आंध्र प्रदेशातील हेल्मेटच्या नियमाविरुद्ध एक याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. सक्तीमुळे देशात मुक्तपणे संचार करण्याच्या मूलभूत अधिकारावर गदा येते, असे तीत म्हटले होते. १९८८ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले. डोक्यावरील घातक इजेची टांगती भीती न बाळगता गाडी चालवता येणे ही संचारस्वातंत्र्याला मदतच आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२९ आज चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, मग ती गाडी चालवत असो वा मागे बसलेली असो. ‘घातलेले’ याचा अर्थ पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले, असे कलमातच स्पष्ट आहे. आरशाला अडकवलेले किंवा कोपरात घातलेले हेल्मेट कायद्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. उल्लंघनासाठी कलम १९४-घ अन्वये १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्ती अपात्र ठरण्याची तरतूद आहे. पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींना याच कलमात सूट आहे. ‘मग आम्हालाही सूट का नाही?’ असे कोणी विचारतात. धर्माचरणाचा अविभाज्य भाग असलेल्या पगडीपुढे राज्याने स्वतःहून घेतलेली ही माघार आहे. केस विस्कटणे किंवा उकडणे या कारणांना ती लागू पडत नाही.

अमेरिकेने या प्रश्नाचे दुसरे उत्तर देऊन पाहिले आहे. तेथे १९७५ पर्यंत ४७ राज्यांत सर्व स्वारांना हेल्मेट बंधनकारक होते. १९७६ मध्ये केंद्रीय निधीचा दबाव दूर झाला आणि एकामागून एक राज्यांनी सक्ती मागे घेतली. फ्लोरिडाने २००० साली २१ वर्षांवरील स्वारांना मोकळीक दिली. मात्र १०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा असण्याची अट घातली. खर्च दुसऱ्यावर पडतो ही गोष्ट स्वातंत्र्य देणाऱ्या कायद्यालाही नजरेआड करता आली नाही. सक्ती उठलेल्या राज्यांत हेल्मेटचा वापर घटला आणि स्वारांचे मृत्यू वाढले. याउलट व्हिएतनाममध्ये डिसेंबर २००७ मध्ये सर्व रस्त्यांवर सक्ती लागू होताच वापर नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला.

सक्तीविरोधकांच्या काही तक्रारी मात्र मान्य कराव्या लागतील. खड्डे बुजवणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि हेल्मेटची सक्ती केल्याने ती संपत नाही. वळणाआड उभे राहून केलेल्या कारवाईने दंड जमा होतो, विश्वास जमा होत नाही. कडक उन्हाळ्यात हेल्मेट त्रासदायक असते हेही खरे. हवेशीर छिद्रांचे, फिकट रंगाचे हेल्मेट आणि आत रोज धुतलेला पातळ सुती रुमाल यांनी तो त्रास कमी होतो. घामामुळे कोंडा किंवा बुरशीसंसर्ग होऊ शकतो, त्यासाठी अस्तर धुऊन वाळवावे. हेल्मेटमुळे टक्कल पडते किंवा मानेची दुखापत वाढते या समजांना अभ्यासांतून आधार मिळालेला नाही.

निवडीस खरा वाव कोठे आहे

हेल्मेट कोणते घ्यावयाचे, ही निवड पूर्णपणे आपली आहे आणि दुर्दैवाने सर्वाधिक हयगय तेथेच होते. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यावरील मानक क्रमांक ‘आयएस ४१५१’ हा असतो. पदपथावर स्वस्तात मिळणारी टोपीवजा हेल्मेट आतून पोकळ असतात. ती पोलिसांपासून वाचवतात, इतकेच. दुकानात हेल्मेट घालून डोके हलवून पाहावे: हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली जेमतेम दोन बोटे जावीत. मग मागचा भाग धरून पुढे ओढावे; ते निसटून आले तर माप मोठे आहे. अंबाडा किंवा वेणी असलेल्या स्त्रियांनी केस नेहमीप्रमाणे बांधूनच माप पाहावे आणि केस मानेपाशी खाली बांधावेत. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकासाठी त्याच्या मापाचे हेल्मेट, चालकाला जोडलेला सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम आहेत.

अपघात झाल्यास

१०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा. जखमी व्यक्ती श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नये. समोरची काच वर करावी, पट्टा सैल करावा आणि मान हलू देऊ नये. श्वास बंद असेल किंवा उलटीने गुदमरत असेल तरच ते काढावे, तेही दोघांनी मिळून: एकाने मान व जबडा स्थिर धरावा, दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाजूला ताणत ते सावकाश सरकवावे. मदत करणाऱ्याला कलम १३४-क चे संरक्षण आहे; त्याच्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

डोक्याला मार लागल्यावर माणूस उठून चालू लागला, नीट बोलला, तरी निर्धास्त होऊ नये. रक्तस्राव हळूहळू होत असेल तर काही तास बरे वाटून मग प्रकृती ढासळते. पहिले २४ तास त्याला एकटे सोडू नये आणि रात्रीतून जागे करून नाव, ठिकाण विचारावे. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा अधिक गुंगी, फिट येणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची अशक्तता, दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाक वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या व्यक्तीला मात्र लक्षणांची वाट न पाहता न्यावे आणि गोळ्यांचे पाकीट सोबत ठेवावे.