मोडक्या पॅलेटमधून कमाई

प्रश्न : भिवंडी तालुक्यातल्या वडप्याजवळ आमची जागा आहे. गोदामांतल्या मोडक्या लाकडी पॅलेटपासून ब्रिकेट (दाबलेल्या भुशाच्या जळाऊ विटा) केल्यास गावाला काय मिळेल?

उत्तर : गिऱ्हाईक दाराशी आहे. भिवंडीतल्या सायझिंग आणि डाइंगच्या बॉयलरना रोज जळण लागतं. त्यासाठी घेतलेल्या कोळशाचा पैसा बाहेर जातो. इथे मात्र खिळे काढणाऱ्याची, भुसा करणाऱ्याची, टेम्पोवाल्याची मजुरी तालुक्यातच फिरेल. ब्रिकेट लांब पाठवले तर भाड्यात नफा जातो. औष्णिक वीजकेंद्रांना 2021 च्या धोरणाने कोळशात 5 टक्के, मुख्यतः शेती-अवशेषांचा, जैवभार मिसळायला सांगितलं, तरी आधी जवळचा बॉयलर धरा. ‘एमबी’ (मिथाइल ब्रोमाइडची धुरी) शिक्क्याचं, रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड वेगळं काढा. ते जाळायचं नाही. पॅलेट कमी पडले तर भातगिरणीचं तूस आहेच. यंत्र घेण्याआधी गोदामवाल्यांशी पुरवठ्याचा लेखी करार करा.