भाकरी सोडावी की मोजावी?

वजन घटविण्यासाठी भाकरी व भात पूर्णतः वर्ज्य करावेत काय, असा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारला जातो. त्याचा थोडक्यात परामर्श येथे घेत आहोत.

पिष्टमय पदार्थ बंद करताच पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, हे खरे. मात्र त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. तो साठा घटला की पाणीही जाते. चरबी घटण्यास अधिक काळ लागतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ६०९ प्रौढांवरील अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस कमी पिष्टमय आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलो, तर कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे ५.३ किलो घटले होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. भाज्या भरपूर, साखर व मैदा अत्यल्प, हा सल्ला दोन्ही गटांना समान होता.

इन्सुलिन अथवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी औषधाची मात्रा न बदलता भाकरी सोडल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपण्याचा धोका संभवतो. म्हणून त्यांनी, तसेच गर्भवती व मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याविना असा प्रयोग करू नये.

इतरांनी अर्धे ताट भाज्यांचे, पाव डाळ-उसळीचे व पाव भाकरीचे ठेवावे. जो आहार घरच्या स्वयंपाकात वर्षानुवर्षे निभावता येईल, तोच स्वीकारावा, अशी आमची नम्र सूचना आहे.