धुराची वाट

वाशीम जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत आजही चूल पेटते. २०१६ सालीं निघालेल्या उज्ज्वला योजनेनें बहुत घरीं ग्यासची टाकी पोहोंचली हें खरें. तथापि पऱ्हाट्या व तुराट्या शेतांत आणि गोवऱ्या गोठ्यापाशीं विनामोल मिळतात, म्हणून भाकरीसाठीं व आंघोळीच्या पाण्यासाठीं अनेक जण चुलीकडेच वळतात. हा धूर कोणाच्या उरांत जातो? जी बाई चुलीपुढें बसते तिच्या, आणि जें लेंकरूं तिच्या मांडीवर असतें त्याच्या. बालकांस न्युमोनिया, मोठ्यांस जुनाट श्वासरोग व डोळ्यांस मोतीबिंदु, हीं त्याचीं फळें होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतील धुरामुळें जगांत सुमारे ३२ लक्ष माणसें मरण पावलीं. त्यांत पांच वर्षांखालील बालकें दोन लक्षांहून अधिक होतीं.

कित्येक जण म्हणतात, “आमच्या घरीं धुराडें आहे, तरी धूर घरांतच कोंडतो.” असें कां होतें, हें ह्या पाठांत पाहूं.

१. धूर वर कां जातो?

तापलेली हवा फुगते आणि फुगली कीं हलकी होते. बाहेरील थंड व जड हवा खालून शिरून तिला नळींतून वर लोटते. ही ओढ फार अल्प असते. नळी तीन मीटर उंच, आंतील धूर १५० अंश सेल्सिअस ऊन आणि बाहेरील हवा ३० अंश असली, तर सारी ओढ पाणी एक मिलिमीटर उचलण्यापुरतीच भरते. नळीची उंची दुप्पट केली व धूर ऊन राहिला, तर ओढही दुप्पट होते. परंतु पातळ पत्र्याची नळी बाहेरील वाऱ्यानें गार झाली, तर धूर वाटेंतच निवतो व ओढ मंदावते. ज्याचें बळ इतकें थोडें, त्याची वाट मोकळी ठेवणें हें आपलें काम आहे.

२. वाटेंतील अडथळे

पहिला अडथळा अरुंदपणा. सहा इंची नळीच्या जागीं चार इंची नळी बसविली, तर तोंडांतला फरक दोनच इंचांचा दिसतो. पण वाटेचें क्षेत्र ३६ वरून १६ वर, म्हणजे निम्म्याहून खालीं येतें. तितकाच धूर तींतून न्यावयाचा तर त्याला सव्वादोन पट वेगानें धांवावें लागतें, आणि नळीच्या अंगाशीं घांसून वाया जाणारें बळ सुमारे साडेसात पट होतें. चुलीपाशीं इतकें बळ कोठचें? म्हणून धूर चुलीच्या तोंडांतूनच परत येतो.

दुसरा अडथळा वळण. काटकोनांत वळलेल्या नळींत हवा समोरच्या अंगावर आदळते व तेथें भोवरे उठतात. अशा एका वळणानें कांहीं हात सरळ नळीइतका अडथळा होतो. वळणें टाळतां येत नसतील, तर तीं सावकाश व गोलाकार ठेवावीं.

तिसरा अडथळा काजळी. चार इंची नळीच्या आंत चहूंकडून अर्धा इंच काजळी बसली कीं वाट तीन इंचांचीच उरते. क्षेत्र १६ वरून ९ वर येतें. घडीच्या लवचिक नळीचा खडबडीतपणाही असाच बाधक आहे. ती लोंबकळत ठेवली, तर हानि आणखी वाढते.

३. आंत येणारी हवा

जितकी हवा बाहेर जावी, तितकीच आंत आली पाहिजे. दार व खिडकी घट्ट लावून चूल पेटविली, तर उत्तम धुराडेंही निरुपयोगी होतें. म्हणून भिंतींत खालच्या बाजूस एक झरोका सदा उघडा असावा.

४. पंखा लावल्यास

वाशीम, कारंजा, रिसोड येथील स्लॅबच्या घरांत धूर काढण्यासाठीं विजेचा पंखा लावितात. त्यालाही हेच नियम लागू आहेत. भिंतींत बसविण्याच्या साध्या पंख्याचा दाब थोडा असतो. त्याला लांब, अरुंद व वांकडी नळी जोडली तर पातीं फिरतात, आवाज होतो, पण हवा फारशी हलत नाहीं. नळी आंखूड, सरळ व गुळगुळीत असावी आणि ती माळ्यावर न सोडतां घराबाहेर काढावी. बाहेरील जाळी तेलकट धुळीनें बुजते, ती धुवावी. मात्र बंद खोलींत चूल व पंखा एकत्र चालविले, तर पंखा धुराड्यांतील धूर उलटा खालीं ओढूं शकतो.

५. पूर्वीचे प्रयत्न

वर्ध्याच्या मगनवाडींत १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानें पुढील दशकांत धुराड्याची ‘मगन चूल’ प्रचारांत आणिली. १९८० च्या दशकांत केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला; तो २००२ सालीं संपला. त्या काळांत बसविलेल्या पुष्कळ चुली भंगल्या, नळ्या तुंबल्या आणि बायका पुनः जुन्या चुलीकडे वळल्या. नळी बसवून काम संपत नाहीं. ती झाडणारा हात घरांत लागतो.

६. काय करावें?

चूल पेटल्यावर जळती उदबत्ती चुलीच्या तोंडापाशीं धरावी. तिचा धूर आंत ओढला गेला तर वाट मोकळी आहे; बाहेर वळला तर ती तुंबली आहे असें समजावें. चूल पूर्ण निवल्यावर काथ्याचें बोचकें दोरीला बांधून नळी वरून खालीं झाडावी. तोंड छपराच्या आढ्याहून वर न्यावें व पावसासाठीं टोपी बसवावी. टोपी व नळी यांत पुरेसें अंतर राखावें. तापणारी नळी गवताच्या छपरास किंवा लांकडास लागूं देऊं नये.

प्रश्न

(१) चार इंची नळींत धूर कां अडतो?
(२) खालचा झरोका बंद केल्यास काय होईल?
(३) तुमच्या घरच्या धुराड्यास वळणें किती आहेत, आणि तें शेवटीं केव्हां झाडलें?