किवीचा वेल आणि आपल्या परसबागेचा धडा

तापाच्या साथीत रुग्णाच्या उशाशी किवीचे फळ ठेवण्याची रीत आता आपल्याकडेही रूढ झाली आहे. महाग फळ विकत घेण्यापेक्षा त्याचा वेल दारात का लावू नये, असा विचार अनेक पालकांच्या मनात येतो. जळगाव जामोदसारख्या मैदानी भागात तो वेल फळणार नाही, हे उत्तर प्रथमच सांगितलेले बरे. परंतु तो का फळणार नाही हे समजून घेतले, तर परसबागेत काय लावावे हेही उमगते.

वेलाचा प्रवास

किवी मूळचा चीनमधील डोंगराळ प्रदेशाचा. न्यूझीलंडमधील वांगानुई येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इसाबेल फ्रेझर यांनी १९०४ साली चीनहून त्याचे बी आपल्या देशी नेले. तेथे १९१० साली पहिली फळे आली. ‘किवी’ हे व्यापारी नाव मात्र १९५९ मधील. भारतात १९६० च्या सुमारास बंगळूरच्या लालबागेत त्याची लागवड झाली. पण उष्ण हवेत ती यशस्वी ठरली नाही. पुढे १९६३ साली सिमल्याजवळील फागली येथील संशोधन केंद्रात वेल लावले गेले आणि १९६९ साली त्यांना फळे धरली. वेल तोच; फरक हवेचा होता.

वेलाची मागणी

हिवाळ्यात पाने गाळून हा वेल विश्रांती घेतो. त्या काळात त्याला ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी शेकडो तास मिळावी लागते. प्रचलित जातींना साधारणतः ७०० ते ८०० तास. ती न मिळाल्यास डोळे नीट फुटत नाहीत आणि फुले येत नाहीत. आपल्याकडे अशी थंडी एखाद्या रात्रीपुरती येते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो व कोरड्या वाऱ्याने पाने करपतात. त्याला किंचित आम्ल, निचऱ्याची जमीन लागते. आपली काळी माती बहुधा चुनखडीयुक्त. त्यातच पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट, आणि किवीला क्षार सोसत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. किवीचे नर व मादी वेल वेगळे असतात. साधारणपणे आठ मादीवेलांमागे एक नरवेल लावतात. एकटा वेल कितीही फोफावला, तरी त्याला फळ धरत नाही.

आपल्या मातीतला वेल

नर-मादी वेगळे असण्याचा हा प्रकार आपल्या भागाला नवा नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात पिकणाऱ्या पानपिंपरीचेही तसेच आहे. औषधासाठी वाळवतात ती कणसे मादीवेलाची. परसबागेसाठी मात्र सर्वांत सोयीचा वेल कटुरल्याचा. यालाच कोणी काटवल, कोणी करटोली म्हणतात.

कटुरले बियांपासून लावल्यास उगवण उशिरा होते आणि वेल नर की मादी हे फुलापर्यंत कळत नाही. म्हणून ओळख पटलेले कंद घ्यावेत. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर शेणखत मिसळलेल्या, पाणी न साचणाऱ्या जागी दोन-दोन हातांवर ते लावावेत. आठ-दहा मादीकंदांमागे एक नरकंद पुरतो. वर काट्यांचा किंवा तारेचा मांडव करावा.

फुले पिवळी असून सायंकाळी उमलतात. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे काटेरी फळ दिसते. नरफुलाला ते नसते. फळधारणा कमी वाटल्यास नुकते उमललेले नरफूल मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे. मुलांना परागीभवन शिकवण्यास याहून सोपा प्रयोग नाही. फळे हिरवी व कोवळी असतानाच तोडावीत. हिवाळ्यात वेल वाळतो, कंद जमिनीत जिवंत राहतो व पुढल्या पावसात पुन्हा फुटतो. उन्हाळ्यात त्याला पाण्याची घागर ओतावी लागत नाही. लागवडीसाठी जंगलातील कंद मात्र उपसून आणू नयेत. त्या कंदांवर येणारी भाजी विकून सातपुड्यातील आदिवासी बांधवांना पावसाळ्यात चार पैसे मिळतात.

निष्कर्ष

किवीला अनुकूल हवेतही फळ धरण्यास चार-पाच वर्षे लागतात. प्रतिकूल हवेत तेवढी वर्षे, रोपाचे पैसे आणि मातेने डोक्यावरून आणलेले पाणी हे सारेच वाया जाते. ज्या घरी पाणी मोजून वापरावे लागते, तेथे हा तोटा लहान नाही. म्हणून कोणतेही नवे रोप घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: याला थंडी किती लागते? आपले पाणी याला मानवेल काय? याला जोडीदार वेल लागतो काय? माती व पाणी तपासण्याविषयी जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी. किवी अवश्य खावा. दारात मात्र आपल्या पावसाला ओळखणारा वेल लावावा.