सशाचे वय आणि त्याचा चारा

तेरणेच्या धरणाकाठी वसलेल्या माकणीसारख्या गावात जनावरांसाठी लावलेला लसूणघास सहज मिळतो. घरचा पाळीव ससाही तो आवडीने खातो. पण जन्मभर तोच चारा दिला तर?

पहिले ६ महिने ससा झपाट्याने वाढतो. त्याला कॅल्शियम व प्रथिने भरपूर हवीत; लसूणघासात दोन्ही असतात. वाढ थांबल्यावर मात्र अडचण येते. आपले आतडे बहुधा गरजेपुरतेच कॅल्शियम शोषते. सशाचे आतडे चाऱ्यात असेल त्या मानाने शोषत राहते. जादा कॅल्शियम मूत्रावाटे बाहेर पडते, म्हणून सशाचे मूत्र अनेकदा खडू कालवल्यासारखे गढूळ दिसते. प्रमाण फार झाले तर मूत्राशयात गाळ साचतो, खडेही होतात.

यासाठी सातव्या महिन्यापासून मुख्य चारा वाळलेल्या गवताचा असावा; मारवेल किंवा हरळी चालेल. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. गवत चावताना सतत वाढणारे दातही झिजतात. (गाजर हे सशाचे मुख्य अन्न, ही चित्रांच्या पुस्तकांची कृपा!)

पाच-सहा वर्षांनंतर ससा म्हातारा होऊ लागतो. तो रोडावत असेल आणि मूत्रात गाळ नसेल, तर पशुवैद्यांना विचारून थोडा लसूणघास पुन्हा सुरू करता येतो. त्यासाठी दरमहा वजन करावे. २ किलोच्या सशाचे २०० ग्रॅम घटले तर हाताला कळत नाही. पण ५० किलोच्या माणसाचे ५ किलो घटावेत, तसेच ते आहे. आणि ससा १२ तास काहीच खात नसेल, तर वजनकाटा शोधत बसू नका. तडक दवाखाना गाठा.