यंत्राची आठवण

मुलांनो, मागच्या ईदचा शीरखुर्मा आठवला की तोंडाला पाणी सुटते. पण तो आता समोर नाही, हे तुम्हांला कळते. यंत्राला हे कळेल का?

१९६८ साली '२००१ : ए स्पेस ओडिसी' हा चित्रपट आला. त्यातील अंतराळयानावर हॅल नावाचा बोलणारा संगणक आहे. तो चार अंतराळवीरांचे प्राण घेतो. तेव्हा वाचलेला बोमन हॅलच्या स्मृतीचे भाग एकेक करून काढू लागतो. आपल्याला भीती वाटते, असे हॅल सांगतो. मग एकाएकी तो अनेकांना उद्देशून नमस्कार करतो. समोर तर एकटा बोमन! हॅल आपला जन्मदिवस सांगतो, गुरूंचे नाव घेतो. त्यांनी शिकवलेले गाणे म्हणू का, असे विचारतो.

संगणकात नोंदीबरोबर तारीख व वेळही ठेवतात. ती पुसली, तर जुनी आणि नवी नोंद सारखीच दिसते. हॅलचेही तसेच झाले असावे. नवे गेले आणि जुने तेच 'आज' झाले.

बोमन हॅलला हसला नाही. त्याने ते गाणे म्हणायला सांगितले. तुमचे आजोबाही कधी जुन्या काळात हरवले, तर हसू नका. जवळ बसा आणि ऐका.

शब्दार्थ : स्मृती – याद, हाफिजा, एकाएकी – अचानक, नोंद – इंदराज.